मंगळवारचे अर्धे मिनिट

पूर्णिमाताई दिघे यांची आणि माझी ओळख १९९६ साली झाली. बडोद्याच्या सयाजीगंजात, स्टेशनापासून पायी सात मिनिटांवर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पंप आणि व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग विकणारी एक पेढी होती व आजही आहे. त्या पेढीत मी शिपाई होतो. पेढीत नवा टेलिफोन बोर्ड बसणार होता आणि तो सांभाळण्यासाठी ताईंची ऑपरेटर म्हणून नेमणूक झाली होती. त्यांचे वय तेव्हा तीस होते. त्या दांडिया बाजारात आपल्या आईसह राहत असत.

ओळख होण्याचे कारण माझी एक चूक हे आहे, म्हणून ती चूक प्रथम सांगतो.

आठ खोल्यांतून आठ तारा बोर्डापर्यंत आणल्या होत्या. प्रत्येक तार कोणत्या खोलीची आहे हे ओढून पाहायचे आणि तिच्या टोकाला त्या खोलीच्या नावाची चिठ्ठी बांधायची, एवढे काम होते. ताईंनी आठ चिठ्ठ्या लिहून माझ्या हाती दिल्या. कोणती तार कोठून येते हे मला अचूक कळत होते, परंतु चिठ्ठीवर काय लिहिले आहे हे मला वाचता येत नव्हते. हे पेढीत कोणालाही ठाऊक नव्हते. लिफाफे पोहोचवताना मी त्यांचा रंग व घडी लक्षात ठेवत असे आणि त्यावर माझे निभत असे. त्या दिवशी आठही चिठ्ठ्या एकाच रंगाच्या होत्या. मी अंदाजाने बांधल्या आणि फोनवाल्याने त्यांच्याप्रमाणे तारा जोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या शेठांचा फोन वाजला आणि एका प्लंबरने त्यांना अर्ध्या इंचाच्या वॉशरचा भाव विचारला. त्याच वेळी शेठांचे व्याही स्टोअरच्या फोनवर आले. स्टोअरच्या माणसाने त्यांना सांगितले, "माल आज नाही. उद्या टेम्पो पाठवा."

शेठ बाहेर आले. "आ कोणे कर्युं?" त्यांनी विचारले.

मी पुढे होणार, तोच ताई म्हणाल्या, "शेठ, चिठ्ठ्या मी उलटसुलट दिल्या. माझी भूल झाली."

संध्याकाळी सर्व मंडळी गेल्यावर त्यांनी मला बोर्डाजवळ बोलावले. मला वाटले, आता विचारतील. त्यांनी काहीच विचारले नाही. माझे बोट धरून त्यांनी फोनच्या मधल्या बटणावर ठेवले. "मोहनराव, या बटणावर बारीक टिंब आहे. लागले का बोटाला? हा पाच. पाच सापडला की बाकीचे त्याच्या भोवती आहेत. आणि सर्वांत खाली, मध्ये, शून्य."

पेढीत इतर सर्व जण मला मोहनभाई म्हणत. मोहनराव अशी हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. माझ्या आयुष्यात मी वाचलेले पहिले अक्षर हा पाचाचा आकडा आहे. उरलेली अक्षरे मला वाडी भागातील संध्याकाळच्या वर्गात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षानंतर मिळाली.

ताईंचे टेबल आणि माझी पॅन्ट्री यांच्यामध्ये प्लायवूडची एक पातळ भिंत होती. त्यामुळे सत्तावीस वर्षे त्यांचे बोलणे माझ्या कानांवर पडत राहिले. मी मुद्दाम ऐकत नसे. परंतु चहा उकळण्यास वेळ लागतो, आणि त्या वेळात कान बंद करता येत नाहीत.

फोन वाजला की ताई प्रथम "जय श्री कृष्ण" म्हणत, मग पेढीचे नाव सांगत. नंदेसरीचे कारखाने, मकरपुऱ्याची वर्कशॉपे, लहरीपुऱ्याचे दुकानदार, अशा सर्वांचे आवाज त्यांना पाठ होते. समोरच्याने नाव सांगण्यापूर्वीच त्या त्याला त्याच्या नावाने बोलावत. पुढे पेढीत संगणक आले, इंटरनेट आले, आणि ताईंनी फोनवाल्यांना प्रश्न विचारून विचारून त्याचीही माहिती करून घेतली. इमारतीत लहान लहान कार्यालये होती: ट्रॅव्हलवाला, दोन वकील, एक दातांचा डॉक्टर. त्यांपैकी कोणाचे काही अडले की तो आमच्या दारात उभा राहत असे.

"पूर्णिमाबेन, नेट नथी चालतुं."

"डब्यावरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

"दिवा तर पाहिलाच नाही."

"आधी पाहून या. लाल असेल तर वायर काढा, तीस आकडे मोजा, परत लावा. घाईने मोजू नका."

"मोजले नाही तर?"

"तर परत माझ्याकडे यावे लागेल, आणि त्या वेळी मी साठ मोजायला लावीन."

असे त्यांचे बोलणे असे. हे सर्व बोलणे गुजरातीत होत असे. घराबाहेर पडले की आमच्या बडोद्यात मराठी माणूस गुजराती बोलू लागतो, त्यात विशेष काही नाही. ताईंची गुजराती तर इतकी शुद्ध होती की त्या मराठी आहेत हे पुष्कळ गिऱ्हाइकांना कधीच कळले नाही.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो.

दर मंगळवारी साडेअकराच्या सुमारास अंकलेश्वरच्या बाजूच्या एका कारखान्यातून फोन येत असे. खरेदी विभागातील एक गृहस्थ गॅस्केट व सील मागवण्यासाठी बोलत. ते ताईंशी गुजरातीत बोलत आणि ताई त्यांना स्टोअरची लाईन जोडून देत. असे आठ महिने चालले. १९९८ साली एका मंगळवारी मी चहा घेऊन ताईंच्या टेबलाजवळ गेलो असता माझा पाय तारेत अडकला आणि संपूर्ण कप त्यांच्या रजिस्टरवर सांडला.

"अगं बाई!" ताई म्हणाल्या. फोन त्यांच्या कानाला तसाच होता.

पलीकडचा माणूस हसल्याचे मला उभ्या जागी ऐकू आले. मग तो मराठीत म्हणाला, "अहो, तुम्ही मराठी?"

"तुम्हीसुद्धा?"

"मी पागे. श्रीकृष्ण पागे, साताऱ्याचा. आठ महिने मी घाम गाळून गुजराती बोलतोय तुमच्याशी!"

"मग मीही तेच करत होते की."

"आणि दर मंगळवारी फोन उचलल्याबरोबर माझा जयजयकार करत होता, तो वेगळाच."

ताई इतक्या हसल्या की रजिस्टर पुसण्याचे त्यांना सुचले नाही. ते मीच पुसले. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत.

त्यानंतर त्यांचे मंगळवारचे बोलणे मराठीत होऊ लागले. ते फार बोलत असे कोणी समजू नये. स्टोअरची लाईन मोकळी होईपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढेच ते बोलत. मी एकदा पॅन्ट्रीतील घड्याळात पाहिले तेव्हा अर्धे मिनिट झाले होते. त्या अर्ध्या मिनिटात पागे साहेब सांगत की कारखान्याच्या वसाहतीत मराठी बोलणारे आणखी कोणी नाही, किंवा या वर्षी आंबा महाग आहे. ताई विचारत, "आज डब्यात काय?" ते म्हणत, "मेथी. कालही मेथी होती." लाईन मोकळी झाली की ताई म्हणत, "देते हं." आणि जोडून देत. त्यानंतर त्या काही क्षण हात तसाच बोर्डावर ठेवून बसत. मग पुढचा फोन घेत.

२००९ साली तीन मंगळवार फोन आला नाही. चौथ्या मंगळवारी आला तेव्हा ताईंनी "जय श्री कृष्ण" म्हटले आणि त्या थांबल्या. बराच वेळ त्या केवळ ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जेवता ना वेळेवर?" पागे साहेबांच्या पत्नी वारल्या होत्या. त्या दिवशी स्टोअरची लाईन मोकळी असूनही ताईंनी ती लगेच जोडली नाही. सत्तावीस वर्षांत ऑपरेटरच्या कामातील त्यांची एवढीच कसूर मला ठाऊक आहे.

त्यानंतर तीन वर्षांनी पागे साहेबांनी सांगितले की यंत्रांच्या प्रदर्शनासाठी ते गुरुवारी बडोद्याला येणार आहेत आणि पेढीवर डोकावतील. बुधवारी संध्याकाळी ताईंनी दुसऱ्या दिवसाची रजा मागितली.

मी धीर करून म्हणालो, "ताई, उद्या तर ते यायचे आहेत."

त्या पर्स आवरत म्हणाल्या, "मोहनराव, मला आवाज ओळखीचा आहे. माणूस ओळखीचा नाही. तो समोर येऊन बसला आणि आवाजही अनोळखी झाला, तर मी मंगळवारी काय करू?"

पागे साहेब आले. वीस मिनिटे बसले. मी त्यांना चहा दिला. त्यांनी ऑपरेटरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून विचारले, "बाई आज नाहीत?" मी म्हणालो, "रजेवर आहेत." त्यांनी मान हलवली. जाताना ते बोर्डाजवळ क्षणभर उभे राहिले आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्यांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवले. माझे लक्ष होते.

शुक्रवारी ताई आल्या आणि दहा वाजेपर्यंत त्यांनी काही विचारले नाही. मग भिंतीच्या पलीकडून आवाज आला, "काय म्हणाले?"

"चहात साखर कमी घालत जा म्हणाले."

"आणखी?"

"बाई नाहीत का, म्हणाले."

ते कसे दिसतात हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते. त्या दोघांनाही प्रत्यक्ष पाहिलेला आणि त्यांचे मंगळवार ठाऊक असलेला माणूस जगात मी एकटाच आहे, आणि ही गोष्ट मला पुष्कळदा जड वाटली आहे.

२०२२ च्या अखेरीस मोठ्या शेठांचे चिरंजीव धवलभाई यांनी पेढीची फोनव्यवस्था बदलण्याचे ठरवले. जुन्या तांब्याच्या तारेवर वारंवार खरखर येत असे, हे खरे होते. नवी व्यवस्था इंटरनेटवरून चालणार होती. ती बसवण्यासाठी यशश्री नावाच्या इंजिनिअर बाई आल्या. त्या बडोद्याच्याच, मराठी, पस्तिशीच्या होत्या. ताईंनी त्यांना एका बैठकीत जितके प्रश्न विचारले तितके धवलभाईंनी संपूर्ण खरेदीत विचारले नव्हते.

"आपला जुना नंबर राहील का?"

"राहील, ताई. तोच नंबर नव्या लाईनवर आणता येतो. फक्त तो येईपर्यंत जुनी लाईन बंद करायची नाही. लोक आधी बंद करतात आणि नंबर घालवून बसतात."

"वीज गेली तर? जुना फोन वीज गेल्यावरही वाजायचा."

"हा वाजणार नाही. इंटरनेटच्या डब्याला बॅटरी लावावी लागेल. बरं झालं विचारलंत, हे कोणी विचारत नाही."

"आणि नेटच बंद पडले तर?"

"तर फोन आपोआप धवलभाईंच्या मोबाईलवर जातील."

"आणि माझे काम?"

यशश्रीबाई कागद चाळू लागल्या. उत्तर धवलभाईंनी दिले. ते वाईट गृहस्थ नव्हेत. ते म्हणाले, "पूर्णिमाबेन, यंत्रच विचारेल, विक्रीसाठी एक, स्टोअरसाठी दोन. ऑपरेटर लागणार नाही. पण जूनमध्ये तुम्हाला अठ्ठावन्न होतात, तोपर्यंत तुम्ही आहातच."

मी पॅन्ट्रीत होतो. माझ्या मनात त्या क्षणी एकच गोष्ट आली. पागे साहेब मंगळवारी फोन करतील, दोन दाबतील, थेट स्टोअरमध्ये जातील, आणि मधले अर्धे मिनिट उरणार नाही. ताईंच्याही मनात तेच आले असले पाहिजे. कारण थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "यंत्रात आवाज कोणाचा?"

"विकत मिळतो," धवलभाई म्हणाले.

"माझा फुकट आहे."

सर्व हसले आणि ते ठरले. ताईंनी गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत सूचना म्हटल्या. मग त्या म्हणाल्या, "शेवटी मराठीतही एक ओळ घालू या. मराठीत बोलायचे असल्यास शून्य दाबा. शून्य माझ्या टेबलावर द्या."

"आपले मराठी गिऱ्हाईक किती?" धवलभाईंनी विचारले.

"बडोदे आहे, धवलभाई. निघतील."

"एक महिना ठेवू. शून्यावर कामाचे कोणी आले नाही तर काढून टाकू."

ताईंच्या टेबलावरून बोर्ड गेला आणि त्याच्या जागी एक लहानसा काळा फोन आला. पहिल्या मंगळवारी साडेअकराला तो वाजला नाही. स्टोअरचा फोन वाजला. स्टोअरच्या शुभंकरचा आवाज मला ऐकू आला, "हां पागेसाहेब, बोलो."

शून्य दाबणारे निघाले, परंतु ते निराळे. लहरीपुऱ्यात भांड्यांचे दुकान असलेले बळवंतराव यांनी आमच्याकडून पाण्याचा पंप नेला होता. त्यांनी पंपाच्या तक्रारीसाठी फोन केला, मराठी ऐकून शून्य दाबले, आणि मग ते दर दोन दिवसांनी दाबू लागले.

"बाई, दुकानातलं कार्ड घेण्याचं यंत्र नेट नाही म्हणतंय."

"बळवंतराव, तुमचा पंप बरा आहे ना?"

"पंपाला काय धाड भरलीय! नेटचं सांगा."

"डबा कुठे ठेवलाय?"

"पातेल्यांच्या मागं. धूळ लागू नये म्हणून वर टोपही घातलाय."

"पितळेचा?"

"तांब्याचा. आम्ही हलकं वापरत नाही."

"टोप काढा. नेट त्याच्याच आत बसलंय."

मी हसत असे. ताईही हसत. परंतु मंगळवारी साडेअकरा वाजता त्या पाण्याचा ग्लासही दूर सारून ठेवत, फोन आणि हात यांच्यामध्ये काही नसावे म्हणून.

तिसऱ्या मंगळवारनंतर मला राहवले नाही. मी म्हणालो, "ताई, आपणच त्यांना फोन लावा."

"ऑपरेटर स्वतःसाठी फोन लावत नाही, मोहनराव."

"मग मी शुभंकरला सांगतो. तो त्यांना म्हणेल, शून्य दाबा."

"नको." त्यांचा आवाज कधी नव्हे इतका कडक झाला. "कोणी सांगितले म्हणून दाबलेले शून्य मला नको. वाटले तर दाबतील."

महिना भरल्यावर यशश्रीबाई हिशेब पाहण्यास आल्या. कोणी कोणते बटण केव्हा दाबले हे नव्या यंत्रात सर्व दिसते. बळवंतराव धरून अकरा जणांनी शून्य दाबले होते. एकही मागणी आली नव्हती. यशश्रीबाईंनी ताईंच्या टेबलाजवळ येऊन पडद्यावरील एक ओळ दाखवली. ताईंनी त्यांना काही सांगितले नव्हते, परंतु महिनाभर ताई त्यांना फोन करून मंगळवारचाच हिशेब मागत होत्या, त्यावरून समजण्यासारखे होते.

"हा अंकलेश्वरचा नंबर बघा. चारही मंगळवारी नऊ सेकंदांत दोन दाबलंय. तुमची मराठी ओळ एकतिसाव्या सेकंदाला येते. त्यांनी ती ऐकलेलीच नाही, ताई."

ताई पडद्याकडे पाहत राहिल्या.

"पहिली घेऊ का? दोन मिनिटांचं काम आहे. मग त्यांना ऐकावीच लागेल."

"नको हो. पेढी गुजराती माणसांची, गाव त्यांचं. त्यांची भाषा आधी. आपण शेवटी असतो ते बरोबरच आहे."

यशश्रीबाईंनी पुन्हा आग्रह केला नाही. त्याही बडोद्याच्याच होत्या. दुसऱ्या दिवशी धवलभाईंनी ती ओळ काढण्यास सांगितले. बाकीच्या सूचना ताईंच्याच आवाजात राहिल्या. परंतु निघताना यशश्रीबाई मला म्हणाल्या, "काका, शून्य मी पुसलेलं नाही. जून संपला की ते तुमच्या पॅन्ट्रीतल्या फोनवर येईल. लोकांना माणूस हवा असला की ते शून्य दाबतात. कोणाला सांगावं लागत नाही."

३० जून २०२३ रोजी ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या आई पूर्वीच वारल्या होत्या. नाशिकला त्यांची भाची अवंती राहते, तिच्याकडे त्या गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी पॅन्ट्रीतील कॅलेंडरच्या मागे आपला मोबाईल नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला. "काही अडले तर करा," त्या म्हणाल्या. ऑगस्टमध्ये धवलभाईंनी विकतचा आवाज घेतला. तो आवाज फार गोड आहे. मी त्याची निंदा करत नाही.

त्यानंतर पॅन्ट्रीत चहा उकळताना मला पलीकडून काहीही ऐकू येत नसे. फोन थेट ज्याच्या त्याच्या मोबाईलवर वाजत आणि लोक बोलत बोलत जिन्यात जात. ताईंच्या टेबलावर प्रिंटर ठेवला होता. मंगळवारी साडेअकराला मी काही काम नसताना त्या प्रिंटरची धूळ पुसत असे.

२०२४ च्या फेब्रुवारीत, अशाच एका मंगळवारी, पॅन्ट्रीतील फोन वाजला.

"नमस्कार," पलीकडून मराठीत आवाज आला. "कोणी माणूस भेटेल का म्हणून शून्य दाबलं. मी पागे."

माझ्या हातात गाळणी होती. ती मी खाली ठेवली. "साहेब, मी मोहन. शिपाई. आपण एकदा आला होता तेव्हा..."

"साखर कमी," ते म्हणाले. "आठवतं. मोहनराव, माझी आज कारखान्यातली शेवटची ऑर्डर. शुक्रवारी साताऱ्याला चाललो कायमचा. म्हटलं, पूर्णिमाबाईंना... त्या आहेत का?"

"जूनमध्ये निवृत्त झाल्या."

 

"मला वाटलंच," ते म्हणाले. "ऑगस्टमध्ये आवाज बदलला तेव्हाच वाटलं. आधी त्यांचाच होता यंत्रात. मला तो ऐकवत नसे, मोहनराव. त्या बोलतायत आणि आपण उत्तर द्यायचं नाही, हे कसं ऐकायचं? म्हणून मी सुरू झाल्याबरोबर दोन दाबून टाकायचो."

"साहेब, पहिल्या महिन्यात तो शेवटपर्यंत ऐकायला हवा होता."

"का? काय होतं शेवटी?"

"मराठी होती. मराठीत बोलायचे असल्यास शून्य दाबा, असे होते. शून्य ताईंच्या टेबलावर होते. त्या वाट पाहत होत्या."

मला हे सांगण्याचा अधिकार होता की नाही, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.  पागे साहेबांचा श्वास मला ऐकू येत होता. चहा उतू गेला आणि मी तो जाऊ दिला.

मी कॅलेंडर उलटले. ताईंनी मला एकदा निक्षून सांगितले होते की कोणी सांगितल्यावरून दाबलेले शून्य त्यांना नको. हे शून्य कोणी सांगून दाबलेले नव्हते. एवढा विचार करून मी म्हणालो, "साहेब, लिहून घ्या."

मी एकेक आकडा वाचला. दहाही आकडे मला ताईंनीच शिकवलेले होते. वाचताना तिसऱ्या जागी पाच आला तेव्हा माझे बोट आपोआप फोनच्या मधल्या टिंबावर गेले.

पागे साहेबांनी तो नंबर मला परत वाचून दाखवला. "बरोबर?" त्यांनी विचारले. "बरोबर," मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

मग एक आठवडा गेला. तो आठवडा मला फार मोठा वाटला. माझ्या हातून दुसऱ्यांदा चिठ्ठी चुकीच्या तारेला बांधली गेली की काय, या चिंतेने मला वर्गात धडा नीट वाचता येईना. पुढच्या मंगळवारी मी ठरवले की ताईंना फोन करावा आणि जे केले ते सांगून क्षमा मागावी. पॅन्ट्रीचे दार लावून मी नंबर फिरवला. घंटा वाजली नाही. ज्यांना आपण फोन केला आहे त्या दुसऱ्या फोनवर बोलत आहेत, असे एक यंत्र मला गुजरातीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगू लागले.

मी घड्याळाकडे पाहिले. अकरा वाजून चौतीस मिनिटे झाली होती. मी फोन ठेवला आणि पुन्हा लावला नाही. त्या कोणाशी बोलत होत्या हे मी त्यांना नंतर कधी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. दिवाळीला त्यांचा फोन येतो, माझे वाचन कोठवर आले ते विचारतात, आणि डब्यावरचा दिवा हिरवा आहे ना, असे म्हणून हसतात.

मी आता पेढीवर जात नाही. घरी दुपारच्या आधी एकदा चहा करतो आणि मंगळवारी तो आपोआप उशिरा होतो. त्याचे कारण ताईंनी मला केलेली एकमेव विनंती हे आहे. त्या माझ्याशी सत्तावीस वर्षे बोलल्या, मला आकडे शिकवले, माझी चूक आपल्या अंगावर घेतली, परंतु स्वतःसाठी त्यांनी माझ्याकडे एकदाच काही मागितले. १९९८ साली मी त्यांच्या रजिस्टरवर चहा सांडला, त्याच्या पुढच्या सोमवारी संध्याकाळी पॅन्ट्रीच्या दारात उभ्या राहून, माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या:

"मोहनराव, मंगळवारचा माझा चहा जरा बारा वाजता आणत जाल का?"